लघुतम चुंबकीय तबकडी : एका यंत्राच्या आकुंचनाचा इतिहास

एखादे यंत्र लहान करणे म्हणजे त्याच यंत्राचा आराखडा लहान प्रमाणावर पुन्हा काढणे, अशी सर्वसामान्य समजूत असते. यंत्रविद्येच्या इतिहासाचे सूक्ष्म अवलोकन केल्यास ही समजूत टिकत नाही. आकार निम्मा झाला म्हणजे यंत्राचे सर्वच गुणधर्म निम्मे होत नाहीत. काही चौपटीने घटतात, काही सोळा पटींनी घटतात, तर काही मुळीच घटत नाहीत. या विषमतेतून जे प्रश्न उद्भवतात त्यांची उत्तरे शोधणे हाच लघुकरणाचा खरा इतिहास होय. संगणकातील माहिती साठविणाऱ्या चुंबकीय तबकडीचा, म्हणजेच हार्ड डिस्कचा, इतिहास याचे उत्तम उदाहरण आहे. विशेषतः १९९२ ते २००५ या काळात निर्माण झालेल्या अतिलघु तबकड्यांचे प्रकरण थोडक्यात संपले असले, तरी ते उपेक्षणीय नाही.

या यंत्राचा आरंभ अर्थातच लघु नव्हता. आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत सिद्ध करून १९५६ साली बाजारात आणलेल्या रॅमॅक यंत्रणेच्या संग्राहकात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्याभोवती मिनिटाला १,२०० वेळा फिरत. या सर्व अवजड संभारात केवळ ५० लक्ष अक्षरे सामावत. त्यातील वाचन-लेखन करणारे शीर्ष तबकडीपासून दूर ठेवण्यासाठी बाहेरून दाबलेली हवा पुरवावी लागे. पुढे तबकडीच्या गतीमुळे तिच्यासमवेत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावरच शीर्ष तरंगत ठेवण्याची युक्ती साधली, आणि १९७३ च्या ‘विंचेस्टर’ यंत्रात शीर्ष व तबकड्या एकाच बंदिस्त पेटीत आल्या. हलके शीर्ष यंत्र थांबताच वंगण लावलेल्या तबकडीवर अलगद उतरे व यंत्र सुरू होताच पुन्हा उचलले जाई. पुढील सर्व लहान तबकड्यांचे मूळ या रचनेत आहे.

येथून आकार झपाट्याने उतरत गेला. १९८० मध्ये ५.२५ इंची, १९८३ मध्ये स्कॉटलंडमधील रोडाइम कंपनीची ३.५ इंची, १९८८ मध्ये प्रेअरीटेकची २.५ इंची आणि १९९१ मध्ये इंटिग्रल पेरिफेरल्सची १.८ इंची, असा हा क्रम आहे. या संज्ञांविषयी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘३.५ इंची’ यंत्रातील तबकडीचा व्यास बहुधा ९५ मिलिमीटर, म्हणजे पावणेचार इंचांच्या जवळपास असतो, ‘२.५ इंची’ यंत्रातील तबकडी ६५ मिलिमीटरची असते. ‘३.५ इंची’ हे नाव तबकडीच्या मापावरून पडलेले नाही. संगणकाच्या पेटीत लवचिक तबकडीच्या, म्हणजे फ्लॉपीच्या, यंत्रासाठी जी जागा होती, त्या जागेचे नाव या यंत्राला मिळाले. ‘हार्ड’ हे विशेषणही असेच उत्तरकालीन आहे. लवचिक तबकडी अस्तित्वात येईपर्यंत कठीण तबकडीला कठीण म्हणण्याचे प्रयोजनच नव्हते. नावाच्या इतिहासातून वस्तूचा इतिहास वाचावयाचा झाल्यास ही सावधगिरी आवश्यक आहे.

आता आकुंचनाच्या नियमांकडे वळणे इष्ट होईल. तबकडीची जाडी तीच ठेवून व्यास निम्मा केला, तर तिचे क्षेत्रफळ चौथ्या हिश्श्यावर येते, परंतु तिचे जडत्व सोळाव्या हिश्श्यावर येते. फिरताना हवेच्या घर्षणात खर्ची पडणारी शक्ती तर त्याहूनही वेगाने घटते. परिणामी लहान तबकडी चटकन गती घेते, थोड्या विजेवर चालते व कमी थरथरते. नफ्याची बाजू ही. तोट्याची बाजू अशी की माहिती साठविण्याची जागा ज्या क्षेत्रफळावर अवलंबून, तेच क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने घटते. ६५ मिलिमीटरची तबकडी २७ मिलिमीटरवर आणली असता क्षेत्रफळ जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येते. ही तूट भरून काढण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे प्रत्येक चौरस इंचात अधिक माहिती बसविणे.

या मार्गावरचे पहिले धाडसी पाऊल १९९२ साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने टाकले. तिच्या ‘किटीहॉक’ या १.३ इंची यंत्रात २० मेगाबाइट माहिती मावत असे. खिशात वावरणाऱ्या यंत्राला धक्क्यांचे भय अधिक. म्हणून या यंत्रात त्वरणमापक बसविला होता. धक्का जाणवताच लेखनाची क्रिया तात्काळ थांबे, जेणेकरून शीर्ष भलत्या वर्तुळावर सरकून तेथील मजकूर पुसला जाऊ नये. अभियांत्रिकीच्या दृष्टीने यंत्र यशस्वी होते. परंतु ज्या हातातील संगणकांसाठी ते घडविले गेले, त्यांचा खप अपेक्षेप्रमाणे झाला नाही, आणि १९९४ मध्ये त्याचे उत्पादन बंद करण्यात आले.

यापुढची पायरी आय.बी.एम.ची ‘मायक्रोड्राइव्ह’ होय. १९९८ मध्ये घोषित होऊन १९९९ मध्ये विक्रीस आलेली ही एक इंची तबकडी छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यात बसणाऱ्या कॉम्पॅक्टफ्लॅश पत्रिकेच्या मापाची होती. जाडी ५ मिलिमीटर, वजन सुमारे १६ ग्रॅम आणि साठा प्रथम १७० व ३४० मेगाबाइट. येथे विंचेस्टर रचनेचा एक दोष उघड झाला. अत्यंत गुळगुळीत पृष्ठावर विसावलेले गुळगुळीत शीर्ष तेथेच चिकटून बसते. मोठ्या यंत्राची मोटार ते झटक्याने सोडवू शके, परंतु नखाएवढ्या मोटारीत ते बळ कोठून येणार? यावरील तोडगा असा निघाला की शीर्षाने तबकडीवर उतरूच नये. तबकडीच्या कडेला एक छोटा उतार बसवून यंत्र थांबताना शीर्ष त्यावर चढवून ठेवावे. तबकड्यांचा संच काढता-घालता येत असे त्या १९६० च्या दशकातील यंत्रांत शीर्ष असेच बाजूला काढून घ्यावे लागे. विंचेस्टरने जी पद्धत टाकून दिली होती तीच लघुकरणाने नव्या रूपात परत आणली. उताराचा दुसरा लाभ म्हणजे थांबलेले यंत्र खाली पडले तरी शीर्ष तबकडीवर आपटण्याचा संभव राहिला नाही. तबकडीचे द्रव्यही बदलले. ॲल्युमिनियमच्या जागी अधिक ताठ व अधिक गुळगुळीत अशी काच आली, त्यामुळे शीर्ष पृष्ठाच्या अधिक निकट तरंगू शकले.

घनतेची वाढ मात्र पदार्थविज्ञानाच्या साहाय्याविना अशक्य होती. १९८८ मध्ये आल्बेर फेर व पेटर ग्र्युनबेर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधलेला विशाल चुंबकीय रोधाचा परिणाम १९९७ मध्ये तबकडीच्या शीर्षात वापरात आला, आणि अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्रेही वाचता येऊ लागली. या शोधाबद्दल दोघांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि चुंबकीय कण फार सूक्ष्म झाले की खोलीच्या सामान्य उष्णतेनेही त्यांची दिशा पालटते, ही अडचण उरलीच होती. तिच्यावरील उपाय जपानमधील तोहोकु विद्यापीठाचे शुन-इची इवासाकी १९७० च्या दशकापासून सांगत होते. चुंबकीय खुणा तबकडीच्या पृष्ठावर आडव्या न ठेवता उभ्या कराव्यात, हा तो उपाय. जवळजवळ तीन दशकांनी, २००५ मध्ये, तोशिबा कंपनीने तो प्रथम विक्रीच्या यंत्रात आणला, आणि ते यंत्र मोठ्या संगणकाचे नसून १.८ इंची होते. जेथे जागेची टंचाई सर्वाधिक, तेथेच नव्या तत्त्वाची गरज सर्वप्रथम भासली. याच तोशिबाने २००४ मध्ये ०.८५ इंची तबकडीही घोषित केली होती.

यश हाताशी आले असतानाच शेवटही जवळ आला. २००४ मध्ये ॲपलच्या ‘आयपॉड मिनी’ या संगीतयंत्रात ४ गिगाबाइटची एक इंची तबकडी होती. २००५ च्या सप्टेंबरात तिची जागा घेणाऱ्या ‘नॅनो’मध्ये तबकडी नव्हती, फ्लॅश स्मृती होती. याचे कारण केवळ फ्लॅशची प्रगती हे नव्हे. मोटार, शीर्ष, भुजा, नियंत्रक मंडल हे भाग तबकडी कितीही लहान केली तरी लागतातच, आणि त्यांची किंमत व्यासाबरोबर घटत नाही. फ्लॅशला असा किमान खर्च जवळजवळ नसतो. थोडी साठवण हवी असल्यास थोडाच पैसा पुरतो. लघुकरणाने क्षेत्रफळ घटविले, पण किमतीचा तळ घटविला नाही. पराभवाचे बीज तबकडीच्या स्वतःच्या भूमितीतच होते.

अमेरिकन अभ्यासक क्लेटन क्रिस्टेन्सेन यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात तबकडीच्या उद्योगाचा इतिहास बाजारपेठेच्या अंगाने मांडला. लहान आकार नव्या ग्राहकांच्या द्वारे येतात व जुन्या कंपन्यांना गाफील गाठतात, असे त्याचे सूत्र आहे. हे विवेचन महत्त्वाचे असले तरी त्यात यंत्राचा वारसा नजरेआड होण्याचा संभव आहे. केवळ बाजारात टिकले ते यशस्वी, असा निकष लावला तर एक इंची तबकडी विफल ठरेल. परंतु शीर्षासाठी उतार, काचेची तबकडी, पडण्याची चाहूल घेणारा त्वरणमापक आणि उभे चुंबकन यांपैकी जे लहान यंत्रांत कसास लागले, ते पुढे मोठ्या यंत्रांच्या रचनेतही रुजले. अतिवेगवान यंत्रे बनविताना ३.५ इंची पेटीतही कमी व्यासाच्या तबकड्या घालाव्या लागल्या. २०१३ पासून विक्रीस आलेल्या मोठ्या साठ्याच्या यंत्रांत हवेऐवजी हेलियम भरला जातो, तोही हवेच्या घर्षणाच्या त्याच नियमाला दिलेले उत्तर आहे. आज अवाढव्य माहितीकेंद्रांतून फिरणाऱ्या तबकड्यांत त्या लहान तबकडीचे संस्कार शिल्लक आहेत. यंत्र लुप्त झाले, पण त्याने सोडविलेले प्रश्न सुटलेलेच राहिले. यंत्रविद्येच्या इतिहासात यशापयशाचा निवाडा करताना वस्तू आणि तिने शिकविलेली विद्या यांचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे, एवढा बोध या प्रकरणातून निश्चित घेता येतो.