कांद्याच्या भावाचा बार चार्ट चुकतो कुठे? तारखांच्या आलेखातल्या गडबडी आणि त्या शोधण्याची पद्धत

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातलं, सप्तशृंगी गडाच्या पायथ्याचं वणी देवीच्या यात्रेसाठी ओळखलं जातं, तसंच शेतमालाच्या बाजारासाठीही. रोजच्या बाजारभावांच्या यादीत ते ‘दिंडोरी-वणी’ या नावाने दिसतं. तारीख, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात, दर क्विंटलमागे असतो. ही आकडेवारी घेऊन पायथनमध्ये दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली की बार चार्ट तयार होतो आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो.

अडचण अशी की स्क्रिप्ट एकही एरर न देता चुकीचा चार्ट काढू शकते. माल आज विकायचा की चाळीत ठेवायचा, हे कुणी तो चार्ट पाहून ठरवणार असेल तर ही चूक थेट खिशाला लागते.

१ मार्चची ३ जानेवारी कशी होते?

आपल्याकडे आधी दिवस, मग महिना लिहितात. पांडाज ही लायब्ररी मात्र ०१/०३/२०२४ ही तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे ३ जानेवारी अशी वाचते. तेरावा महिना नसल्यामुळे १३/०३/२०२४ मात्र बरोबर वाचली जाते. त्यामुळे जुन्या आवृत्त्यांमध्ये मार्चचे पहिले १२ दिवस वर्षभर विखुरतात, प्रत्येक महिन्याच्या ३ तारखेला एक बार उभा राहतो आणि उरलेला मार्च जागेवर असतो. पांडाज २.० पासून पहिल्या तारखेवरून साचा ठरतो आणि तो पुढे जुळला नाही तर एरर येते. पण यादीत फक्त १ ते १२ तारखा असतील तर चूक आजही गुपचूप होते.

उपाय: तारीख वाचतानाच दिवस-महिना-वर्ष असा साचा स्पष्ट द्यायचा. मग सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी तारीख छापून बघायची.

दीड हजाराचा बार दोन हजारापेक्षा उंच का?

आकड्यात स्वल्पविराम असेल, जसं १,५००, तर तो रकाना संख्या न राहता मजकूर होऊ शकतो. मॅटप्लॉटलिब मजकुराला किंमत देत नाही, जो आधी आला तो खाली आणि नंतरचा वर, अशी मांडणी करते. उभ्या अक्षावर आकडे उलटसुलट दिसले की आधी हीच शंका घ्यावी. स्वल्पविराम काढून रकाना संख्येत बदलला की प्रश्न सुटतो. तारखा मजकूर राहिल्या तर आडव्या अक्षावरही हेच होतं. क्रम यादीप्रमाणे लागतो आणि मधले सुट्टीचे दिवस गायब होतात.

बार दोऱ्यासारखे बारीक का दिसतात?

मॅटप्लॉटलिबमध्ये बारची रुंदी न सांगितल्यास ०.८ धरली जाते. तारखांच्या अक्षावर एक एकक म्हणजे एक दिवस. म्हणजे महिन्याला एक बार असेल तर तीस दिवसांच्या जागेत तो पाऊण दिवसाचा उरतो. अशा वेळी रुंदी २० ते २५ द्यावी. तासातासाचे आकडे असतील तर उलट होतं, बार एकमेकांवर चढतात. तिथे रुंदी एका तासापेक्षा, म्हणजे दिवसाच्या चोविसाव्या भागापेक्षा कमी हवी.

एकाच दिवशी दोन नोंदी असतील तर?

लाल आणि उन्हाळ कांद्याची नोंद एकाच दिवशी वेगवेगळी येऊ शकते. दोन्हींचे बार एकाच तारखेवर, एकाच रंगात पडले तर उंच बार आखूड बारला झाकून टाकतो आणि चार्ट फक्त चढा भाव दाखवतो. प्रकार वेगळे काढावेत, किंवा आवकेनुसार सरासरी घ्यावी. समजा, १०० क्विंटल १,००० रुपयांनी आणि ९०० क्विंटल २,००० रुपयांनी विकले गेले. साधी सरासरी १,५०० येते, पण आवकेनुसार ती १,९०० भरते.

लिलाव बंद म्हणजे भाव शून्य नव्हे

केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ते रद्द करावं यासह इतर मागण्यांसाठी नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी २० सप्टेंबरपासून लिलावात भाग घेणं थांबवलं. अशा दिवसांचा भाव शून्य नसतो, तो ठरलेलाच नसतो. स्क्रिप्टमध्ये रिकाम्या जागी शून्य भरलं तर महिन्याची सरासरी खोटी खाली येते. जागा रिकामी ठेवली तर सरासरी बिघडत नाही, पण चार्टवर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून त्या जागी ‘लिलाव बंद’ असं लिहायलाच हवं.

मराठी अक्षरांऐवजी चौकोन का येतात?

मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत. देवनागरी फॉन्ट निवडला की चौकोन जातात. तरीही जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसल्या आहेत का, हे तपासावं.

दोष शोधायचा क्रम

चार्टकडे टक लावून चूक सापडत नाही, ती बहुतेकदा आकड्यांत असते. म्हणून आधी रकान्यांचे प्रकार छापावेत, मग पहिली-शेवटची तारीख, मग एकूण ओळी आणि दुहेरी तारखा. त्यानंतर फक्त पाच ओळींचा चार्ट काढून तो मूळ यादीशी हाताने ताडून बघावा. पाच जुळले तरच पाचशेंकडे जावं.

आणि फॉरवर्ड होऊन आलेला चार्ट दिसला तर दोन गोष्टी पाहाव्यात: उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का, आणि मधल्या रिकाम्या जागेचं कारण दिलंय का. अक्ष १,८०० पासून सुरू केला तर १,९०० आणि २,००० मधला शंभराचा फरक दुपटीचा दिसतो.