दोन पायजेत, पण एकच होणार

परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चहाच्या टपरीवर टॉवेल कारखान्यातला एक पंचविशीतला पोरगा म्हणाला, "काका, दोन पायजेत की. पण एकावरच थांबणार बघा. पगार पीसवर, घर भाड्याचं."

आमच्या आजोबांच्या घरात सात पोरं होती. पोरं मागासाठी कांड्या भरायची, पोरी आईसोबत विड्या वळायच्या. जितके हात तितकी कमाई. तेव्हा कमी मुलांचा उपदेश कोण ऐकणार? र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, तर त्यांनाच प्राध्यापकी सोडावी लागली.

नंतर सरकारच मागे लागलं. लाल त्रिकोण आला, 'दो या तीन बस' आलं. १९७६ मध्ये तर आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं! राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून सुटलो.

आणि झालं काय? राज्यात १९९२-९३ ला बाईमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ ला १.७. माझ्या मते यात शाळेची फी आणि घरभाडं यांचा वाटा सरकारपेक्षा मोठा. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२५ च्या पाहणीत भारतातल्या ३८ टक्के लोकांनी हवी तेवढी मुलं न होण्याला पैशाची अडचण हे कारण सांगितलं.

तिसरं मूल झालं तर राज्य सरकारची नोकरी नाही, हा नियम २००५ चा. टपरीवरच्या पोराला मात्र दुसऱ्याचीच हिंमत होईना.