बिबट्याची मोजदाद

ठाण्याहून घोडबंदरच्या वाटेने निघाले, की वाघबीळ नावाचे ठिकाण लागते. आज तेथे उंच इमारती उभ्या आहेत. नाव तेवढे जुने राहिले. आपल्या लोकांच्या बोलण्यात पट्टेवाला आणि बिबट्या दोघेही ‘वाघ’च, आणि १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात दोघांचीही नोंद आहे. वारली पाड्यांवर वाघोबाची स्थाने आहेत. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. शेजार असा फार जुना. त्या शेजाराचे वैर कसे झाले, आणि ते ओळखण्यासाठी काही तरुण अभ्यासकांनी काय केले, एवढाच आजचा विषय आहे.

२००२ ते २००४ या तीन वर्षांत बोरिवली-ठाण्याच्या मधल्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने बिबट्यांनी अनेक माणसे मारली. २००४ चा जून महिना त्यांत सर्वांत भयंकर गेला. मारल्या गेलेल्यांत पुष्कळ मुले होती, आणि ती बहुधा गरिबांच्या वस्तीतली. उपाय सर्वांना ठाऊक होता : पिंजरा लावा, जनावर पकडा आणि दूर रानात सोडून द्या. ‘रानातले रानात’ हे ऐकायला इतके रास्त वाटते की त्याचा पडताळा पाहावा असे कोणाच्या मनात येत नाही.

तो पडताळा जुन्नरकडे पाहिला गेला. तेथील उसाच्या मळ्यांत बिबटे नांदत होते. २००१ ते २००३ या काळात त्या भागात १०३ बिबटे पकडले गेले, आणि त्यांतील ४० जवळच्या रानांत, सरासरी ३९.५ किलोमीटरांवर, सोडले गेले. पुण्याच्या अभ्यासिका विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या व नंतरच्या हल्ल्यांचा हिशेब मांडला. आधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते १७ झाले. आधी शंभरांतील १८ हल्ल्यांत माणूस दगावे; नंतर ३६ हल्ल्यांत दगावू लागला. म्हणजे औषधानेच दुखणे वाढविले होते!

कारण उघड आहे, पण ते उघड व्हायला हा हिशेब लागला. बिबट्याला आपला मुलूख असतो. त्यातून उचललेले जनावर अनोळखी रानात भांबावते, पिंजऱ्यात माणसांच्या गराड्यात राहून अधिक बिथरते आणि घराची वाट शोधू लागते. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा एखादा बिबट्या घेतो. गावाला एकाच्या जागी दुसरा मिळतो आणि रानाकडच्या पाड्याला एक उपरा.

या घराच्या ओढीचा पुरावा आपल्याच जिल्ह्यातून चालत गेला. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला वर काढून, गळ्यात ठिकाण कळविणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. आजोबा तेथे थांबले नाहीत. कसाऱ्याकडचा लोहमार्ग, आग्रा रस्ता, कारखान्यांचा परिसर, खाडीचे पाणी हे सर्व ओलांडून सुमारे महिन्याभरात १२० किलोमीटर चालून ते राष्ट्रीय उद्यानात दाखल झाले. कल्याणहून गाडीने कसाऱ्याला जाणाऱ्या शेकडो प्रवाशांपैकी कोणाला त्यांची चाहूलही लागली नाही, आणि वाटेत त्यांनी कोणा माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरात अहमदाबादच्या महामार्गावर वाहनाची धडक बसून ते मेले.

राहिला प्रश्न, उद्यानात बिबटे आहेत तरी किती? पूर्वी पावलांचे ठसे मोजून अंदाज करीत. एकच जनावर दोनदा मोजले जाई. २०१५ साली डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा एम.एस्सी.चा विद्यार्थी निकित सुर्वे याने हे काम कॅमेऱ्यांनी केले. बिबट्याच्या अंगावरची नक्षी आपल्या बोटाच्या ठशासारखी असते. एकाची दुसऱ्याला नाही. डावी व उजवी कूसही निरनिराळी, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. पुढचे गणित सोपे आहे. डोंबिवलीच्या फलाटावर आज वीस चेहरे ओळखून ठेवावे. उद्या दिसलेल्या वीसांत दहा ओळखीचे निघाले, तर नेहमी येणारे सुमारे चाळीस असावेत. प्रत्यक्षातली रीत अधिक किचकट असते, पण बीज हेच. उत्तर आले : सुमारे ३५. उद्यानाचे क्षेत्र अवघे १०४ चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही संख्या केवढी दाट आहे ते समजते.

त्याच अभ्यासात विष्ठेतील केस तपासून बिबटे काय खातात ते पाहिले गेले. त्यात चितळ-सांबर होतेच, पण भटक्या कुत्र्यांचा वाटाही मोठा निघाला. कुत्री उकिरड्यावर जमतात आणि उकिरडा आपण करतो. बिबट्याची तक्रार वन खात्याकडे जाते, उकिरड्याची नगरपालिकेकडे. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर कधी आले नाहीत.

२०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यात समतानगर भागात एक बिबट्या शिरला आणि एका हॉटेलच्या तळघरात सापडला. २०२२ च्या नोव्हेंबरात कल्याण पूर्वेला दुसरा एका राहत्या इमारतीत घुसला. तेथे काही माणसे जखमी झाली. दोन्ही जनावरांना बेशुद्ध करून पकडावे लागले. अशा वेळी जाळे आणि औषधाची सुई तयार असली, तरी पहिले काम पोलिसांचे असते : जिन्यांवर आणि गच्च्यांवर जमलेले लोक घरात पाठवून दारे लावून घेणे.