कर्ण्यापासून जात्यापर्यंत

आमच्या जालन्याच्या घरी माळ्यावर एक ग्रामोफोन होता. त्याच्या पितळी कर्ण्यातून गाणे बाहेर येते, एवढे आम्हां मुलांना ठाऊक होते. एके काळी तसल्याच कर्ण्यातून गाणे आत शिरतही असे, हे कळायला मला अर्धे आयुष्य लागले; आणि तेही आत्याच्या ओव्यांपायी.

आत्या नव्वदीला टेकलेली. अंबड तालुक्यात, गोदाकाठच्या एका खेड्यात राहते. तिला जात्यावरच्या किती ओव्या येतात हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही. त्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात म्हणून मी मायक्रोफोन घ्यायला गेलो. दुकानदाराने दोन तऱ्हेचे माईक पुढे ठेवले आणि विचारले, "आवाज कसा आहे?" ज्या आवाजावर मी लहानाचा मोठा झालो, तो कसा आहे हे मला सांगता येईना. हात हलवीत परत आलो, आणि आपल्याकडच्या गाण्याला हा प्रश्न पहिल्याने कोणी विचारला, त्याचा शोध घेत बसलो.

पहिल्याने हा प्रश्न विचारला तो कर्ण्याने. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास उतरला आणि त्याने गौहरजानचे गाणे मेणाच्या तबकडीवर घेतले. त्या यंत्रात विजेचा संबंध नव्हता. गायकाने कर्ण्याच्या रुंद तोंडाशी तोंड न्यायचे. त्याच्या अरुंद टोकाला एक पातळ पडदा, पडद्याला सुई. आवाजाच्या जोराने पडदा हले आणि सुई मेणात रेघ कोरी. तार स्वर जोराने लागला तर सुई उसळे, म्हणून गाणाऱ्याने मागे सरायचे; खर्जात उतरले की पुन्हा तोंड कर्ण्यात खुपसायचे. कित्येकदा गायकाला मागेपुढे ओढायला शेजारी माणूस उभा असे. ख्यालातली बढत राहो, मान हलवायचीही चोरी! आणि हे सारे तीन मिनिटांत.

हा कर्णा मोठा पक्षपाती होता. सेकंदाला सुमारे २५० ते २,५०० कंपने, एवढाच त्याचा ऐकण्याचा पल्ला. तंबोऱ्याचा खर्ज आणि बायाची घुमक त्याच्या खाली राहिली. आवाजाला चकाकी देणारी सूक्ष्म कंपने त्याच्या वर निसटली. उंच पट्टीतला, टोकदार, भरघोस फेकीचा आवाज तेवढा त्याला मानवे. त्या काळच्या तबकड्या ऐकून 'जुने लोक किंचाळत' असे म्हणणारे रसिक मला भेटतात. ते कर्ण्याची खोड गवयाच्या माथी मारतात, असे मला वाटते.

१९२५ साली अमेरिकेत विजेवर ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत प्रचारात आली, आणि पुढच्या काही वर्षांत ती आपल्याकडेही पोचली. कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला. सुईला आता आवाजाच्या अंगच्या जोरावर चालायचे नव्हते. वीज तिला ढकलत होती. कुजबुजही पुरे झाली. पल्ला वाढून सुमारे १०० ते ५,००० कंपनांवर गेला.

या पालटाचा अर्थ कळायला अब्दुल करीमखाँसाहेबांकडे जावे. १९०५ च्या सुमारास त्यांनी कर्ण्यापुढे गायिलेल्या तबकड्या आहेत, आणि १९३० नंतर मायक्रोफोनपुढे गायिलेल्या ओडियनच्याही आहेत. पहिल्यांत तयारीचा, घाईतला, पल्लेदार तानांचा एक तरुण गवई दिसतो. दुसऱ्यांतला आवाज बारीक, हळवा, जणू आपल्या कानाशी लागून गाणारा. मध्ये पंचवीस-तीस वर्षांची साधना आहे, हे खरे. तरी तो हळवेपणा आपल्यापर्यंत पोचवण्याचे निम्मे श्रेय मी मायक्रोफोनला देतो. खाँसाहेब १९३७ साली वारले. सात-आठ वर्षे आधी गेले असते तर आपण कोणते करीमखाँ ऐकले असते? भास्करबुवा बखले १९२२ सालीच गेले; त्यांचा आवाज कर्ण्यातही नाही आणि माईकमध्येही नाही. त्यांची आठवण सांगणारेही आता उरले नाहीत.

पण मायक्रोफोनने केवळ जुने गाणे नीट टिपले असे नव्हे. त्याने एक नवे गाणे जन्माला घातले, आणि त्याचा एक धागा आमच्या शेजारचाच आहे. जालन्याहून सिंदखेडराजावरून पुढे गेले की मेहकर लागते. तिथले कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता गो. ना. जोशी यांनी १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत तबकडीवर गायिली, आणि मराठी भावगीताची वाट तिथून मोठी झाली. नाटकातल्या नटाला शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पद फेकावे लागे. भावगीताला ते नको होते. एकाने एकाशी बोलावे तसे ते गाणे, आणि तो दुसरा म्हणजे माईक. कर्ण्यापुढे भावगीत उभेच राहिले नसते.

अंतर हेच मग गायकाचे एक साधन झाले. 'महल' (१९४९) या चित्रपटातल्या गाण्यासाठी लताबाई माईकपासून दूर उभ्या राहून गात गात त्याच्याजवळ आल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. कर्ण्यापुढे माणसाला ढकलावे लागे; इथे गायिका आपल्या पायांनी, हिशेबाने चालत येते.

एवढे पुराण वाचून मी पुन्हा दुकानात गेलो. दुकानदाराने दाखवलेल्या दोहोंपैकी एक डायनॅमिक: पडद्याला चिकटलेले तारेचे वेटोळे लोहचुंबकात हलते आणि वीज उमटते. दणकट असतो, तोंडाशी धरायचा, लांबचे फारसे मनावर घेत नाही. दुसरा कंडेन्सर: धातूचा मुलामा दिलेला अत्यंत पातळ पडदा एका पत्र्यासमोर ताणलेला. हा श्वासही ऐकतो आणि शेजारच्या खोलीतला पंखाही. मी शहाणपणा करून डायनॅमिक घेतला. खेड्यात गोंगाट फार. बोअरची मोटार, कोंबड्या, पोरे. आत्याचा आवाज तेवढा स्वच्छ यावा.

आत्याला खाटेवर बसवले, माईक चार बोटांवर धरला. 'प' आणि 'फ' आले की फुंकर आदळे, म्हणून तो जरा तिरपा केला. आवाज अगदी कोरा येऊ लागला. पण तीन ओव्या झाल्या आणि आत्या अडली. "पुढचं येईना," म्हणाली. मी धीर दिला, पहिले शब्द सुचवले. ती माईककडे पाहत राहिली. "अरं, जातं नाही तर ओवी येती कुठून?"

चूक माझी होती. जात्याची घरघर म्हणजे मी टाळायचा गोंगाट धरून चाललो होतो. तिचा तो तंबोरा होता. आणि ओवी कोणाच्या कानाशी गायची नसतेच. समोर बसलेल्या जोडीदारणीलाही ती जात्याच्या आवाजातूनच ऐकू येते. चार बोटांवरचा माईक तिला परक्या माणसासारखा वाटला असावा.

पुढच्या खेपेला भाच्याचा कंडेन्सर मागून नेला. पहाटे, मोटारी सुरू व्हायच्या आधी, तो जात्यापासून दोन हातांवर, तिच्या कपाळाच्या उंचीला टांगला. जाते अगदी जवळ आले तर आवाज बुडतो, फार लांब गेले तर ओवी पोकळ होते. तीनदा जागा बदलली. सून समोर बसली, आत्याने खुंट्याला हात लावला. ओढायचे काम सूनच करीत होती, तरी आत्याचा हात खुंट्यावरून सुटला नाही.

त्या पहाटे एक्केचाळीस ओव्या आल्या. ऐकताना घरघर ओवीच्या आधी सुरू होते, आणि मध्ये वैरण घालताना बांगड्या वाजतात तिथे शब्द थांबतो. अठ्ठाविसाव्या ओवीत माझ्या वडिलांचे नाव येते; आपल्या भावावर आत्याने ओवी रचली आहे, हे मला ठाऊक नव्हते. तिथे तिचा आवाज इतका खाली जातो की पहिल्या माईकने तो दगडाच्या आवाजातून वेगळा काढला असता की नाही, शंकाच आहे. एक्केचाळीसनंतर ज्वारी संपली. मी म्हणालो, "आत्या, आणखी थोडी ज्वारी आणू?" ती म्हणाली, "पीठ खाणार कोण एवढं?" आणि पदराने जाते पुसू लागली.