शेतातील चौरस आणि अमूर्त बीजगणित

गणितात पदवी घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अभ्यासक्रमाची दोन टोके उभी असतात. एका टोकास उपयोजित संख्याशास्त्र; तेथे पीकपाणी, रोगराई, खानेसुमारी यांचा हिशेब. दुसऱ्या टोकास अमूर्त बीजगणित. तेथे गट, वलय, क्षेत्र अशा डोळ्यांस न दिसणाऱ्या रचना. घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, पहिल्याने चार पैसे तरी मिळतील. दुसऱ्याचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तर्कापेक्षा इतिहासच अधिक चांगले देतो.

इंग्लंडात रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले. बियाण्याच्या अनेक वाणांत सरस कोणते, हे ठरविताना एक अडचण येई. जमिनीचा कस सर्वत्र सारखा नसतो; तेव्हा भरघोस कणीस हा वाणाचा गुण की मातीचा? फिशरांनी शेताचे चौरस वाफे पाडले आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात एकदाच येईल, अशी योजना केली. हाच लॅटिन चौरस. वाणांबरोबर खतांचीही परीक्षा घ्यावयाची, तर असे दोन चौरस एकमेकांवर ठेवावे लागतात आणि वाण-खताची प्रत्येक जोडी नेमकी एकदाच यावी लागते.

हे कोडे मुळात जुनेच. आपल्याकडे नारायण पंडितांच्या ‘गणितकौमुदी’ या १३५६ सालच्या ग्रंथात एका चौकटीवर दुसरी आच्छादून भद्रचौरस घडविण्याची रीत आढळते. युरोपात ऑयलर यांनी १७८२ साली प्रश्न मांडला : सहा पलटणींतील सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी अशा चौरसात उभे करता येतील काय, की प्रत्येक ओळीत व स्तंभात प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा? येत नाहीत, असे त्यांचे मत पडले. आणि १०, १४, १८ या आकारांसही तोच नियम लागू असावा, असे अनुमान त्यांनी केले. सहाच्या बाबतीत ते खरे असल्याचे गास्तों तारी यांनी १९००-०१ मध्ये एकेक शक्यता तपासून दाखविले.

पुढचा अंक कलकत्त्यात घडला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली आणि राजचंद्र बोस या शुद्ध भूमितीच्या अध्यापकास तेथे आणले. इकडे नाझी राजवटीने लाइप्झिगहून घालवून दिलेले फ्रीडरिश लेव्ही १९३५ साली कलकत्ता विद्यापीठात आले आणि नवे बीजगणित शिकवू लागले. सांत क्षेत्रांची ओळख बोसांना त्यांच्याकडून झाली.

येथे क्षेत्र म्हणजे तीर्थक्षेत्र नव्हे. ज्या संख्यासमूहात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्येतर घटकाने भागाकार निर्वेधपणे होतो, ते क्षेत्र. तीनच्या चौरसात ओळींना व स्तंभांना ०, १, २ असे क्रमांक द्यावेत. दोहोंची बेरीज करून तिला ३ ने भागावे व बाकी त्या घरात लिहावी. एक चौरस सिद्ध झाला. स्तंभाचा क्रमांक दुप्पट करून तीच कृती केली की दुसरा. दोन्ही एकमेकांवर ठेवता नऊही जोड्या एकेकदाच येतात. चारच्या चौरसात मात्र ही युक्ती फसते; तेथे दुपटीच्या बाक्या ०, २, ०, २ अशा येतात, कारण त्या हिशेबात २ ने भागता येत नाही. पण गाल्वा यांनी १८३० साली दाखविलेल्या रीतीने चार घटकांचेही क्षेत्र रचता येते, आणि मग चौरस जुळतो. बोसांनी १९३८ साली ही रीत मूळ संख्या व त्यांच्या घातांना लागू करून दाखविली. ६ आणि १० घटकांची क्षेत्रे नाहीत. तेथे वाट अडली.

ती वाट मोकळी होण्यात सागर येथे जन्मलेल्या, नागपुरास शिकलेल्या शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांचा मोठा वाटा आहे. १९५० साली अमेरिकेत चॅपेल हिल येथे बोसांच्या मार्गदर्शनाखाली ते डॉक्टर झाले. क्षेत्र नसले म्हणजे चौरसही नसतोच असे नाही, हे उभयतांनी ओळखले. क्षेत्रांनी दिलेले लहान चौरस त्यांनी शेतीप्रयोगांतूनच पुढे आलेल्या गटरचनांनी सांधले आणि २२ चा चौरस उभा केला. अर्नेस्ट पार्कर यांनी १० चा शोधला. २ आणि ६ वगळता ऑयलरांचे अनुमान सर्वत्र खोटे ठरले, तेही १७७ वर्षांनी. २६ एप्रिल १९५९ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि १०२ वर्षांचे कृतार्थ आयुष्य जगून २०२० साली निवर्तले.

याच सांत क्षेत्रांतून १९६० च्या सुमारास चुका सुधारणाऱ्या सांकेतिक लिप्या निघाल्या. त्यांतील एका प्रमुख लिपीस बोसांचेही नाव आहे. आज देवळातील दानपेटीवर क्यूआर चौकट चिकटविलेली असते. तिच्यावर कुंकवाचे बोट लागले तरी दूरध्वनी ती वाचू शकतो, यामागे त्याच कुळातील गणित आहे.

तेव्हा शेताने प्रश्न विचारला, अमूर्त बीजगणिताने उत्तर दिले आणि जेथे ते अपुरे पडले तेथे पुन्हा शेतातील विद्या उपयोगी पडली. पदवीच्या पहिल्या वर्षी असलेल्या मुलास किंवा मुलीस यांतील एकच विषय निवडावयास लावणे म्हणूनच घाईचे होय. निदान दोन वर्षे दोन्ही शिकू द्यावे. भूमिती शिकविणाऱ्या बोसांना तरी पुढे शेताचे वाफे आखावयाचे आहेत, हे कोठे ठाऊक होते?