तळटीप : पाण्यावरचा बेडूक

१. लेखकाने वर्णिलेली तरंगती आमिषे अमेरिकेत बास माशासाठी घडली. मिशिगनमधल्या डोवाजिॲकच्या जेम्स हेडन यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस लाकडाचा बेडूक कोरला, त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला.

बार्शीकडे हिंगणी, जवळगावसारख्या तलावांवर बास नाही. इथे मनात धरायची ती मरळ. ती हवेतून श्वास घेते, म्हणून तिला सारखे वर यावेच लागते. काठच्या शेवाळात उठलेला एक बुडबुडा गळवाल्याला पुरतो.

अशा जागी पोकळ रबरी बेडूकच घ्यावा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे ते पाणकणसात अडकत नाहीत. मासा चावला की अंग दबते आणि गळ उघडे पडतात. उघड्या गळांचा लाकडी मासा मोकळ्या पाण्यात उत्तम, शेवाळात मात्र पहिल्याच फेकीत घाण गोळा करतो.

उसळी दिसताच हिसका देणे ही नवख्यांची हमखास चूक. तंगूस ताणला जाईपर्यंत थांबावे, मगच रॉड उचलावा.

पावसाळ्यात लालसर पिलांचा थवा दिसला, तर तिथे बेडूक टाकूच नये. आईबाप राखणीला असतात आणि समोर येईल त्यावर तुटून पडतात. ते गळाला लागले की पिले इतर माशांच्या तोंडी जातात. — संपादक