विद्यापीठीय समूहगान

विद्यापीठीय समूहगान म्हणजे विद्यापीठातील व त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी एकत्रितपणे सादर केलेले गायन होय. पाश्चात्त्य विद्यापीठांत गायकवृंद ही बहुधा कायमस्वरूपी संस्था असते. महाराष्ट्रात मात्र समूहगानाची वाढ प्रामुख्याने युवक महोत्सवांतील स्पर्धांच्या आधारे झाली. पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत या गायनाला वारकरी भजनाची पार्श्वभूमी लाभली आहे.

पार्श्वभूमी

भारतीय रागसंगीत मुख्यतः एकल गायनाचे आहे. एकाच वेळी भिन्न स्वरावली गाण्याची पाश्चात्त्य पद्धत त्यात नाही. सामूहिक गायन भजन, आरती, गोंधळ व शाहिरी यांतून जोपासले गेले. विसाव्या शतकात राष्ट्र सेवा दलाच्या (स्थापना १९४१) कलापथकांनी समूहगीत तरुणांपर्यंत पोहोचवले. संगीतकार वसंत देसाई (१९१२–१९७५) यांनी शालेय विद्यार्थ्यांच्या मोठ्या समुदायांकडून समूहगीते गाऊन घेतली. बंगालमध्ये १९५८ साली कलकत्ता यूथ कॉयर हा वृंद स्थापन झाला.

विकास

पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव १९५४ साली दिल्लीत भरला. पुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या राष्ट्रीय महोत्सवात भारतीय व पाश्चात्त्य समूहगान असे दोन स्वतंत्र प्रकार रूढ झाले. भारतीय समूहगानात जास्तीत जास्त सहा गायक व तीन वादक असतात. दहा मिनिटांत एक देशभक्तिपर गीत व एक लोकगीत सादर करावयाचे असते. चित्रपटगीतास परवानगी नसते. महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी ‘इंद्रधनुष्य’ हा राज्यस्तरीय महोत्सव भरतो.

बारामती व इंदापूर

हे दोन्ही तालुके १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) कार्यक्षेत्रात येतात. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली सुरू झाले, तर विद्या प्रतिष्ठान ही संस्था १९७२ साली स्थापन झाली. त्यामुळे परिसरातील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण घराजवळ मिळू लागले.

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी व इंदापूर या मार्गाने पंढरपूरकडे जाते. दिंडीत विणेकरी, पखवाजवादक व टाळकरी असतात. एकाने चरण म्हणावा आणि इतरांनी तो उचलून धरावा, अशी गायनाची रीत आहे. ठेका सांभाळणे व इतरांच्या आवाजात आपला आवाज मिसळणे हे समूहगानाला आवश्यक असलेले गुण भजनात लहान वयातच अंगवळणी पडतात. मात्र भजनात कितीही जण सहभागी होऊ शकतात, तर स्पर्धेच्या रंगमंचावर सहा जणांनाच स्थान मिळते.

आव्हाने

पदवीचा काळ तीन-चार वर्षांचा असल्याने वृंद स्थिरावतो न स्थिरावतो तोच त्यातील गायक बाहेर पडतात. एस.टी.ने ये-जा करणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांना तासिकांनंतर सरावासाठी थांबणे कठीण जाते. स्पर्धेपुरता सराव झाला, तर महोत्सव संपताच वृंद विसर्जित होतो.

सांगीतिक अडचणीही आहेत. पुरुष साधारणतः काळी एकच्या आसपास, तर स्त्रिया काळी चार किंवा पाचच्या आसपास गातात. मिश्र वृंदात एकच पट्टी ठरविल्यास कोणाचा तरी खर्ज दबतो किंवा तार सप्तकात ओढाताण होते. त्यामुळे चाल बांधतानाच दोन्ही आवाजांचा आवाका पाहावा लागतो. भातखंडे व पलुस्कर यांच्या स्वरलेखनपद्धती उपलब्ध असूनही चाली बहुधा ऐकूनच शिकवल्या जातात. चालीचे लेखन किंवा ध्वनिमुद्रण न झाल्यास जुन्या गायकांबरोबर ती चालही लोप पावते.

मार्च २०२० नंतर करोनाच्या साथीत महाविद्यालये बंद राहिली आणि प्रत्यक्ष एकत्र गाणे थांबले. दूरदृश्य माध्यमात आवाज विलंबाने पोहोचत असल्याने एका लयीत गाणे शक्य होत नसे.

सद्यःस्थिती

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात सांस्कृतिक उपक्रम व प्रयोगकला यांसारख्या सहअभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू शकतात. त्यामुळे समूहगानाचा सराव वेळापत्रकात आणण्यास वाव निर्माण झाला आहे. स्पर्धेत निवड न झालेल्या विद्यार्थ्यांनाही त्यातून गाण्याची संधी मिळू शकते. त्यासाठी प्रशिक्षित मार्गदर्शक व नियमित सरावाची जागा आवश्यक ठरते.